विहिरीपर्यंतची तुटक रेघ

आमच्या भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, या जगात पूर्ण विश्वास एकाच वस्तूवर आहे. ती म्हणजे त्यांची पोलादी पट्टी. वीतभर लांब, कडा झिजलेली, पण आकडे अजून ठणठणीत. खिशात ती पेनाशेजारी उभी असते. बाकी सगळं संशयित. पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं तर भाऊजी खिडकीतून हात बाहेर काढून बघतात, आणि हात ओला झाला तरी वरच्या मजल्यावर कुणी कुंड्यांना पाणी घालत नाही ना, याची चौकशी करतात. ताई एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, निदान माझ्यावर तरी आहे का विश्वास?" भाऊजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुझ्यावर आहे. तू सांगतेस त्याची मात्र खात्री करून घेतलेली बरी."

यात त्यांचा फारसा दोष नाही. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासायची नोकरी केली. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की "काटा आला" हा निरोप शेवटच्या दुकानापर्यंत त्यांच्या आधी पोचायचा. वजनाच्या बुडातून खरवडलेलं शिसं, पारड्याखाली चिकटवलेलं नाणं, तळाला बोटभर जाड असलेलं तेलाचं माप, हेच बघण्यात उमर गेलेल्या माणसाला पौर्णिमेचा चंद्रसुद्धा पुरा भरलेला वाटत नाही.

आमच्या घरात ते आले तेही असेच. वडिलांचं किराणा दुकान होतं. मी बारा वर्षांचा, पोत्यावर बसून गूळ खात होतो. ताई गल्ल्यावर होती. भाऊजींनी तराजू तपासला आणि तो खोटा निघाला. पण खोटा उलट्या बाजूने! किलोमागे दहा ग्रॅम गिऱ्हाइकाला जास्त जात होते. वडिलांची छाती फुगली. "बघा साहेब, आमच्या दुकानात लोकांना जास्तच मिळतं."

"जास्त मिळतं म्हणजे काटा चुकीचा आहे," भाऊजी म्हणाले. "दंड भरा."

ताई उसळली. "म्हणजे आम्ही लोकांचं भलं केलं त्याचा दंड?"

"भलं तराजूच्या बाहेर करा. तराजूत फक्त वजन करा."

त्यानंतर त्या महिन्यात ते तीनदा फेरतपासणीला आले. तिसऱ्यांदा वडिलांनी हात जोडून विचारलं, "आता कसला संशय राहिलाय?" भाऊजींचे कान लाल झाले. "काट्याबद्दल काही नाही," ते म्हणाले, आणि गल्ल्याकडे बघू लागले. वडील पुढे आयुष्यभर सांगत, "एवढ्या वर्षांत एका निरीक्षकाला दुकानातलं काही उचलू दिलं नाही. एकाला मुलगी दिली तेवढीच." त्यावर ताई आतून ओरडायची, "दिली नाही, मी गेले!"

तर असे हे भाऊजी आणि ताई एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट नाही, चौसष्ट पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी समोरची जुनी मंडई पाडली आणि तिथे मोठं बांधकाम सुरू झालं. तेव्हापासून त्यांच्या घरात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येई. ताईला खोकला लागला, मग धाप लागायला लागली, आणि मागचा हिवाळा तर तिने उशीला टेकून बसूनच काढला. डॉक्टर म्हणाले, "हवा बदला. आठवडाभर नव्हे, कायमची. आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत. असा आणखी एक हिवाळा या फुप्फुसांना झेपेल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

भाऊजींनी दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा. तिघांनी एकच सांगितलं, तेव्हा हे तिघे एकाच कॉलेजात शिकलेले आहेत का, याचा त्यांनी तपास केला. नव्हते. मग मात्र खेड्यात घर बघायचं ठरलं.

आता कुणीही माणूस घर बघायचं म्हटलं की घर बघायला जातो. भाऊजी नकाशे बघायला गेले.

"घर बघायला गेलं की मालक बोलतो," ते मला म्हणाले. "नकाशा बोलत नाही. म्हणून त्याला खोटं बोलायला वेळ लागतो."

सरकारी नकाशे विकणारी एक जुनी कचेरी आहे. लांब काळोखी खोली, छताला पोचलेली कपाटं, रुंद पण चपटे खण, आणि त्या खणांची राखण करणाऱ्या एक बाई. चष्मा कपाळावर आणि पेन्सिल कानावर. या नकाशेवाल्या बाईंकडे महिन्यात पाच माणसं यायची. भाऊजी एकटेच महिन्यात पंधरा वेळा जायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी विकत घेतलेल्या नकाशावर तिथल्या तिथे आपली पट्टी ठेवली.

"बाई, तुमचा किलोमीटर अर्धा मिलिमीटर कमी भरतोय."

"कागद आहे तो साहेब, दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो."

"म्हणजे हवेवर जमीन कमीजास्त होते?"

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि हे काय प्रकरण आहे ते नीट बघितलं. पुढे त्यांनी भाऊजींसाठी एक स्टूलच वेगळं ठेवलं.

एकेका जागेसाठी भाऊजी तीन नकाशे घेत. एक नवा, एक तीसचाळीस वर्षांपूर्वीचा, आणि एक फोनवरचा, वरून काढलेल्या फोटोंचा. नव्यात काय आहे ते कळतं, जुन्यात काय होतं ते कळतं, आणि दोघांत जे जुळत नाही तिथे कुणीतरी काहीतरी पुरलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे ते खरं निघायचं. 'तळ्याकाठचा बंगला' म्हणून एका दलालाने जागा आणली. भाऊजींनी उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेघा मोजल्या आणि म्हणाले, "मध्ये टेकडी आहे. तळं दिसायला तुमच्या बंगल्यावर आणखी सहा मजले चढवा." दुसऱ्या जागेखाली जुन्या नकाशात दगडाची खाण निघाली, नंतर कचऱ्याने बुजवलेली. तिसरी जागा ओढ्याच्या जुन्या पात्रात. चौथीपासून थोड्या अंतरावर बारीक अक्षरात 'गोळीबार सराव क्षेत्र' लिहिलं होतं. दलाल म्हणाला, "रोज नाही हो करत!"

दलालांनी भाऊजींचे फोन घेणं बंद केलं. उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा सरला. ताई धाप टाकत म्हणायची, "तुमच्या नकाशात एखादं ठिकाण असं शोधा की जिथे संशय घ्यायला काहीच नाही. तिथे मला पुरून या."

"असं बोलू नये," मी म्हणालो.

"तू गप्प बस. तू त्यांना गाडीतून फिरवतोस म्हणून हे चाललंय."

आणि मग ती जाहिरात आली. वर्तमानपत्रात, तीन ओळींची. 'छोटं घर, जमीन, विहीर. उन्हाळ्यात पाणी दोन हात खाली जातं. पश्चिमेची खिडकी अडकते.' खाली फोन नंबर.

भाऊजींनी ती जाहिरात भिंतीकडे धरून, उजेडाकडे धरून वाचली. विकणारा माणूस स्वतःहून खोड सांगतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. "छोटी खोड पुढे केलीय," ते म्हणाले. "म्हणजे मागे मोठी लपवलीय."

फोन केला तर पलीकडे एक वयस्क बाई. भाऊजींनी प्रश्न विचारायच्या आधी तिनेच विचारायला सुरुवात केली. नाव काय, राहता कुठे, नोकरी काय केली, आधी कुठे राहत होता, ते का सोडलं. भाऊजींच्या कपाळावर घाम आला. एकतीस वर्षांत त्यांची तपासणी कुणी केली नव्हती. शेवटी बाई म्हणाली, "घर दाखवीन. पण महिन्याभराने. आधी मला काही गोष्टी बघायच्या आहेत." आणि फोन ठेवला.

"काय बघायचंय तिला?" भाऊजी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "महिनाभरात काय झाकून घेणार आहे?"

ते तडक नकाशांच्या कचेरीत गेले. नव्या नकाशात काही म्हणजे काही वावगं सापडलं नाही. जमीन उंचावर, वारा मोकळा, कारखाना नाही, खाण नाही, ओढा लांब, दवाखाना सहा किलोमीटरवर. घरी हे ऐकून ताईच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. "घेऊया ना मग!"

"थांब. जुना बघू दे."

जुन्या नकाशाची एकच प्रत उरली होती. ती भाऊजी घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर पसरली, आणि रात्रीच्या भाजीची परात खाली ठेवायला लावून त्यावर वाकले. पाच मिनिटांनी त्यांची पट्टी एका ठिकाणी थांबली.

"ही बघ."

मी बघितलं. वरच्या पाच घरांच्या वस्तीपासून एक बारीक तुटक रेघ निघून त्या जमिनीत शिरत होती आणि विहिरीपाशी संपत होती.

"पायवाट आहे," मी म्हणालो.

"नव्या नकाशात ती नाही. रेघ आपोआप पुसली जात नाही. कुणीतरी पुसली."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी, मी आणि भाऊजी त्या जमिनीसमोरच्या टेकाडावर. भाऊजींच्या गळ्यात दुर्बीण, झुडपामागे पोटावर पडलेले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. खाली कौलारू घर, त्याला खरोखरच एक खिडकी अर्धवट उघडी, झाडांची दाट रांग, आणि त्या झाडांखालून विहिरीकडे येणारी माणसं. हंडे, डबे, प्लॅस्टिकचे कॅन. भाऊजी मोजत होते.

"अकरा. तासाभरात अकरा माणसं. ही विहीर तिची आहे की वस्तीची? उद्या आपण राहायला गेलो की हे अकराजण काठ्या घेऊन दारात उभे. हे आहे तिचं लपवलेलं!"

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की ही जागा रद्द. ताई उठली, आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला. "तुम्हाला जागा नकोच आहे. तुम्हाला फक्त खोड सापडायला हवी. ती सापडली की तुमचं पोट भरतं. माझं काय होतंय ते कुठल्या नकाशात आहे का?"

भाऊजी टोपी घालून जिन्याने खाली निघून गेले. मी नकाशे गुंडाळायला बसलो. त्यांत त्यांची खिशातली वही होती, उघडी पडलेली. वाचायची नव्हती, पण अक्षर मोठं होतं. आधी तारीख, मग आकडे. 'जिना चढताना. थांबे: १. पायरी ४०.' त्याखाली पंधरा दिवसांनी 'थांबे: २. पायऱ्या २६, ४८.' आणि गेल्या आठवड्यातलं 'थांबे: ४. पायऱ्या १२, २५, ३९, ५३. कठड्याला धरून.' पुढच्या पानांवर प्रत्येक जागेचा उतार मांडलेला. फाटकापासून घरापर्यंत शंभर पावलांत किती चढ, घरापासून विहिरीपर्यंत किती. तळ्याकाठच्या बंगल्यासमोर लिहिलं होतं, 'तळ्याची गोष्ट सोडा, दारापर्यंतचाच चढ हिला झेपणार नाही.' आणि या शेवटच्या जागेसमोर, दोनदा अधोरेखित, 'शंभराला तीन. चालेल.'

एवढे दिवस मी या माणसाच्या नकाशांवर विनोद करत होतो. वही मी होती तशी मिटून ठेवली. ताईला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

यानंतर तीन दिवसांनी भाऊजींनी मला फोन करून बोलावलं. कुजबुजत. "ताबडतोब ये. एक बाई आपल्या घरावर पाळत ठेवून आहे."

मी गेलो. पडद्याच्या फटीतून दाखवलं. समोर बांधकामाच्या पत्र्यापाशी एक साठीपुढची बाई, डोक्यावर काळी छत्री, हातात वही. ती भाऊजींच्या इमारतीकडे बघायची आणि काहीतरी लिहायची.

"कालही होती, परवाही होती. खाली वाण्याकडे माझी चौकशी केली तिने."

आम्ही वाण्याकडे गेलो. वाणी म्हणाला, "हो, विचारत होत्या, चौथ्या मजल्यावरचे साहेब कसे आहेत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं."

"म्हणजे काय?"

"की साहेब आले की माझ्याच दुकानात मला चोरासारखं वाटतं, पण इतक्या वर्षांत त्यांनी माझा एक दाणा बुडवला नाही, आणि चुकून जास्त गेला तर परत आणून दिला."

भाऊजींना ही स्तुती आहे की तक्रार ते कळेना. इतक्यात छत्री हलली. बाई निघाल्या. "चल," भाऊजी म्हणाले, आणि आम्ही दोघं मागे.

पाठलाग म्हणजे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. बाई थांबल्या की आम्ही थांबायचो. एकदा त्या अचानक वळल्या, तेव्हा जे दुकान समोर होतं तिकडे तोंड करून आम्ही उभे राहिलो. ते तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं होतं. आतला विक्रेता आशेने बाहेर आला आणि दोन पिकल्या केसांचे गृहस्थ एका झबल्याकडे इतक्या गंभीरपणे का बघतायत हे त्याला समजेना. "कितव्या महिन्याचं दाखवू?" त्याने विचारलं. "तपास चालू आहे," भाऊजी म्हणाले.

बाई दोन रस्ते ओलांडून एका जुन्या इमारतीत शिरल्या. मी पाटी वाचली आणि भाऊजींकडे बघितलं. ती नकाशांची कचेरी होती!

आम्ही पाठोपाठ आत गेलो आणि उंच कपाटामागे उभे राहिलो. पलीकडून आवाज आला आणि भाऊजींनी माझा दंड घट्ट पकडला. फोनवरचा आवाज. विहिरीवाल्या बाईचा.

"जुन्या आवृत्तीची प्रत हवी होती," ती आपल्या गावाच्या नकाशाचा क्रमांक सांगत म्हणाली.

"ती शेवटची होती. एका गृहस्थांनी नेली," नकाशेवाल्या बाई म्हणाल्या.

"नेली? कोण गृहस्थ? पट्टी घेऊन फिरतात ते?" छत्री आपटल्याचा आवाज आला. "वाटलंच मला! वाट फक्त त्याच नकाशात आहे. तो गायब केला की वाट नव्हतीच म्हणायला मोकळे. आणि त्यांचा वाणी म्हणे माणूस सरळ आहे!"

भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदा कुणी नकाशाचोर म्हणत होतं. ते कपाटामागून बाहेर पडणार होते, पण त्यांना पाऊल उचलवेना. ते काम नकाशेवाल्या बाईंनी केलं. पेन्सिलीने कपाटाकडे खूण करत त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचारा की. त्या कपाटामागे उभे आहेत. बूट दिसतायत."

आम्ही बाहेर आलो. छत्रीवाल्या बाईंनी भाऊजींना आपादमस्तक बघितलं. भाऊजींनी त्यांना. दोन तपासनीस एकमेकांचं वजन करत होते आणि पारडं कुणाचंच हलत नव्हतं.

"वाट लपवायला तुम्हाला तो नकाशा हवाय," भाऊजी म्हणाले. "नव्यातून ती पुसलीत, आता जुनाही न्यायचा, आणि विहीर बिनभानगडीची म्हणून गळ्यात मारायची."

"मी पुसली? मी ती जपायला इथे आलेय! नकाशा तुम्ही पळवलात."

"रेघ आपोआप जात नाही, बाई."

"जाते," नकाशेवाल्या बाई खणावर कोपर टेकून म्हणाल्या. "नवा नकाशा विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलाय. झाडं वाढली, वाट झाडांखाली गेली. वरून दिसली नाही म्हणून आली नाही. इतकंच. आता दोघंही बसा. माझी मान दुखतेय."

ते दोघं बसले. मला स्टूल नव्हतं. मग हळूहळू सगळं निघालं. छत्रीवाल्या बाईंनी आयुष्यभर बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. शंभर बिया ओल्या कागदावर ठेवायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. पोत्यावर काय छापलंय त्याला किंमत नाही. आता त्यांच्या डोळ्यांवर पडदा येत होता, म्हणून घर विकून बहिणीजवळ राहायला जायचं होतं. विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. वरच्या पाच घरांना पाणी नाही, म्हणून 'या, पाणी न्या' असं त्यांनीच सांगितलेलं. तोंडी. कुठल्याही कागदावर नाही. ती वाट फक्त जुन्या नकाशावर, तुटक रेघेत.

"आतापर्यंत नऊजण आले," बाई म्हणाल्या. "सगळे म्हणाले, वाट उघडी ठेवू, शब्द देतो. एकाने तर डोळ्यांत पाणी आणलं. माझ्या दारातून निघाला आणि थेट काटेरी तारेच्या दुकानात गेला. मी मागेच होते."

भाऊजींच्या डोळ्यांत आदर चमकून गेला. "छत्री घेऊन?"

"छत्री घेऊनच. आता तुमचं बोला. वाट उघडी ठेवाल?"

मी भाऊजींच्या पाठीला हळूच ढोसलं. हो म्हणा. एक शब्द. चौथ्या मजल्यावर ताई कठडा धरून उभी आहे, आणि हिवाळ्याला तीन महिने उरलेत. हो म्हणा!

"मी शब्द देणार नाही," भाऊजी म्हणाले.

बाईंनी छत्री उचलली.

"माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास का ठेवावा? मी ठेवत नाही," भाऊजी पुढे म्हणाले. "आज मी बरा आहे. उद्या सर्दीने डोकं चढलं, कुणी पहाटे हंडा आपटला, तर मी काय करीन मला माहीत नाही. माझ्यानंतर जो येईल त्याचं तर नावच काढू नका. वाट कागदावर हवी. खरेदीखतात, नकाशासकट. सरकारी मोजणीदार बोलवा. रुंदी किती आहे? चार फूट की साडेचार? हंडा घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तर साडेचार लागतील. मोजल्याशिवाय मी सही करणार नाही."

बाई उभ्या होत्या त्या पुन्हा बसल्या. छत्री मांडीवर आडवी ठेवली. वही उघडली आणि भाऊजींच्या नावासमोर काहीतरी लिहिलं. भाऊजींनी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. बाईंनी हाताने झाकलं.

"उद्या बायकोला घेऊन या," त्या म्हणाल्या. "तिला धाप लागते असं वाणी म्हणाला. चालताना बघायचंय मला तिला. मोजणीदार मी बोलावते."

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईला घेऊन गेलो. फाटकापासून घरापर्यंत ती न थांबता चालली, ते बाईंनी वहीत टिपलं. मोजणीदार साखळी टाकत होता, तरी भाऊजी गुडघ्यांवर बसून आपली वीतभर पट्टी वाटेवर आडवी ठेवत, उचलत, पुन्हा ठेवत होते. तीन ठिकाणी. हंडे घेऊन आलेल्या बायका थांबून बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "काहीतरी हरवलंय बिचाऱ्याचं." मोजणीदाराचे आणि पट्टीचे आकडे जुळले, तेव्हा भाऊजींनी मोजणीदाराला पुन्हा एकदा मोजायला लावलं.

हिवाळ्याच्या सहा आठवडे आधी ते राहायला गेले. त्या जुन्या नकाशाला काच लावून भाऊजींनी तो बाहेरच्या खोलीत टांगला आहे, आणि वरच्या वस्तीतली माणसं पाण्याला आली की आपली वाट बोटाने त्यावर शोधतात. पश्चिमेची खिडकी जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे अडकते. भाऊजींनी ती दुरुस्त केलेली नाही. सांगितलेली खोड जागेवर आहे तोवर सांगणाऱ्याबद्दल शंका नाही, असं काहीतरी त्यांचं गणित आहे.

थंडी पडल्यावर मी भेटायला गेलो तर भाऊजी अंगणातल्या एका झाडाच्या बुंध्यामागे उभे. हातात तीच वही. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ताई रिकामा कॅन घेऊन विहिरीकडे निघाली होती. मागच्या हिवाळ्यात या दिवसांत ती उशीला टेकून बसली होती. मी वहीत डोकावलो. 'घर ते विहीर. थांबे: ०.' त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह. आदल्या दिवशी तेच, त्याच्या आदल्या दिवशीही.

"प्रश्नचिन्ह कशाला?" मी कुजबुजलो.

"एवढ्यात इतका फरक? मला नाही पटत. मी बघतोय म्हणून ती थांबत नसेल. लपून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

ताई विहिरीपाशी पोचली. मध्ये कुठेही थांबली नव्हती. तिने कॅन खाली ठेवला, वस्तीतल्या बायकांशी काहीतरी बोलली, आणि मग मागे न वळताच तिथून खणखणीत आवाजात ओरडली. इतक्या लांबून इतका मोठा आवाज तिने गेल्या दोन वर्षांत काढला नव्हता.

"झाडामागून बाहेर या! बूट दिसतायत!"